गावी एकट्या राहणाऱ्या आईला घरात मदतीची गरज आहे, हे कसं ओळखावं?

फोनवर आई "मी बरी आहे" असंच म्हणणार, म्हणून दोन दिवस राहून या आणि आधी स्वयंपाकघर बघा. बुडाला करपलेली पातेली, फ्रिजमध्ये आंबलेली आमटी, चालूच राहिलेला गॅस हे हसण्यावारी नेऊ नका. गोळ्यांच्या स्ट्रिप मोजा; जास्त उरल्या किंवा लवकर संपल्या, दोन्ही वाईटच. अंघोळ टाळण्यामागे अनेकदा न्हाणीघरात घसरण्याची भीती असते, ती आई बोलून दाखवत नाही. विसराळूपणा अचानक वाढला तर वयावर ढकलू नका, डॉक्टरांना दाखवा: बी-१२ची कमतरता, थायरॉईड किंवा लघवीचा संसर्ग यांनीही तसं होतं आणि त्यावर उपचार आहेत. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही मोफत सरकारी हेल्पलाइन आहे. मदतीला बाई ठेवाल तर आईला विचारूनच ठेवा.