इंग्रजीतल्या ‘सेट’सारख्या चिमुकल्या शब्दाला इतके अर्थ कसे काय?

शब्द जुना, रोजच्या वापरातला आणि आखूड असला की त्याच्यावर कामं लादली जातात. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या 1989 च्या आवृत्तीत ‘सेट’चे 430 अर्थ होते. पुढे ‘रन’ने त्याला मागे टाकलं.

‘सेट’चं मूळ काम बसवणं, ठेवणं. तिथून घड्याळाचा गजर सेट, मोडलेलं हाड सेट, सिमेंट सेट, आणि सूर्य खाली बसला की सनसेट. पुढे ‘अप’, ‘ऑफ’, ‘इन’ अशी शेपटं लागली की अर्थ आणखी बदलतो: ‘सेट ऑफ’ म्हणजे प्रवासाला निघणं, आणि फटाका उडवणंही! गंमत म्हणजे कपबशांचा ‘सेट’ मुळात वेगळ्याच घरचा. तो जुन्या फ्रेंचमधून, लॅटिनच्या ‘सेक्टा’वरून आला. उच्चार जुळले आणि दोघं एकाच नावाखाली नांदू लागले.

पण इंग्रजीला हसण्याआधी आपलं ‘लागणं’ बघा. भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, निकाल लागतो, नाद लागतो, पुण्याला जाताना लोणावळा लागतं. दही लागलं तर आई खूश, दूध लागलं तर पातेलं घासायला तुम्ही. हे आपण कुठे पाठ केलं होतं?

म्हणून ‘सेट’चे अर्थ सुटे पाठ करू नका. शेजारच्या शब्दासकट अख्खं वाक्य लिहून ठेवा. मला तरी तेवढंच उपयोगी पडलं.