गॅलरीतील पहिल्या कुंड्या
आपल्या गॅलरीत सकाळचे जेमतेम 3-4 तास ऊन येते, तेव्हा पहिल्या वर्षी टोमॅटो-वांग्यांचा मोह बाजूला ठेवून मेथी, पालक आणि पुदिना यांपासूनच सुरुवात करावी, कारण फळभाज्यांना निदान सहा तासांचे थेट ऊन लागते आणि ते न मिळाल्यास झाड नुसतेच उंच वाढते, फळ धरत नाही.

नवख्यांची झाडे बहुधा तहानेने नव्हे, तर अतिपाण्याने मरतात. बोट दोन पेरांपर्यंत मातीत घालून पाहावे आणि ओल लागल्यास त्या दिवशी पाणी देऊ नये. कुंडीच्या तळाची भोके खापरीच्या तुकड्याने झाकावीत, बुजवू नयेत. नुसती लाल माती भरल्यास ती काही आठवड्यांत विटेसारखी घट्ट होते (माझ्या पहिल्या मिरच्या अशाच गेल्या), म्हणून माती, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि गांडूळखत साधारण समप्रमाणात मिसळावे.

कोथिंबिरीसाठी धणे अख्खे न पेरता चपलेखाली हलकेच रगडून त्यांच्या दोन डाळी वेगळ्या कराव्यात. अंकुर दिसायला आठ-दहा दिवस लागतात. तोवर माती उकरून पाहू नये. फवारण्या आणि कलमे यांचा विचार सध्या नको. कुंड्या मात्र कठड्यावर न ठेवता आतल्या बाजूस जमिनीवरच ठेवाव्यात.