वाचकांचे प्रश्न : गुन्हा, हिंसा आणि स्त्री-पुरुष फरक

या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी गुन्हेगारी आणि हिंसा यांतील स्त्री-पुरुष फरकाविषयीची चार पत्रे निवडली आहेत. जागेअभावी ती संक्षेपाने दिली आहेत.

प्रश्न : नवऱ्याचा खून करणाऱ्या बायकांच्या बातम्या अलीकडे सारख्या वाचायला मिळतात. स्त्रिया शिकल्या, कमावत्या झाल्या आणि त्याबरोबर त्यांच्यातील गुन्हेगारीही वाढली, असे आमच्या शिक्षककक्षात सर्रास बोलले जाते. यात तथ्य किती? (एक शिक्षिका, सातारा)

उत्तर : बातम्या वाचून असे वाटणे स्वाभाविक आहे, पण आकडे या समजुतीला दुजोरा देत नाहीत. २०२१ च्या अखेरीस देशातील तुरुंगांत सुमारे साडेपाच लाख कैदी होते आणि त्यांत स्त्रिया सुमारे तेवीस हजार, म्हणजे शंभरात चार होत्या. पुढच्या वर्षीही हे प्रमाण जवळपास तेवढेच राहिले. खुनापुरते बोलायचे तर संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ व गुन्हेविषयक कार्यालयाने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या जागतिक अभ्यासात संशयितांपैकी नव्वद टक्क्यांच्या आसपास पुरुष होते, आणि बळी पडलेल्यांतही ८१ टक्के पुरुषच होते. बायकोचा खून ही वृत्तपत्राच्या आतल्या पानावरची चार ओळींची बातमी असते, तर नवऱ्याचा खून पहिल्या पानावर आठवडाभर चालतो. जे क्वचित घडते त्याचीच बातमी मोठी होते आणि वाचकाच्या मनात तेच नेहमीचे होऊन बसते.

शिक्षणाने आणि नोकरीने स्त्रिया गुन्ह्यातही पुरुषांच्या बरोबरीला येतील हे भाकीत नवे नाही. अमेरिकेत गुन्हेशास्त्रज्ञ फ्रीडा ॲडलर यांनी ते १९७५ मध्ये मांडले होते आणि त्यावर तेव्हा मोठा वाद झाला. पुढच्या अभ्यासांत दिसले ते असे की, तेथे स्त्रियांच्या अटका वाढल्या त्या मुख्यतः किरकोळ चोरी आणि फसवणूक अशा गुन्ह्यांत, आणि त्या स्त्रिया बहुतांशी गरीब होत्या. स्वातंत्र्याचा लाभ मिळालेल्या स्त्रिया त्या नव्हेत. १९९० च्या दशकात तेथे मुलींच्या मारामारीच्या अटकाही वाढल्या, तेव्हा डॅरेल स्टेफेन्समायर आणि सहकाऱ्यांनी पोलिसांचे आकडे, मुलींनी स्वतः दिलेली उत्तरे आणि बळींची सर्वेक्षणे शेजारी ठेवून पाहिली. पोलिसांचे आकडे चढत होते, बाकीच्या दोन स्रोतांत मात्र तशी वाढ नव्हती. घरातले किंवा शाळेतले जे भांडण पूर्वी तिथेच मिटत असे, ते बदललेल्या नियमांमुळे पोलिसांकडे जाऊ लागले होते. वर्तनापेक्षा नोंदच अधिक बदलली होती.

आपल्याकडेही हे लक्षात ठेवायला हवे. अर्नेश कुमार खटल्याच्या २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने नमूद केले आहे की, २०१२ मध्ये कलम ४९८-अ (विवाहितेचा पती किंवा सासरच्यांकडून छळ) खाली अटक झालेल्या १,९७,७६२ व्यक्तींपैकी ४७,९५१, म्हणजे जवळजवळ एक चतुर्थांश स्त्रिया होत्या. या मुख्यतः सासवा आणि नणंदा. केवळ अटक झालेल्या स्त्रियांची एकूण संख्या पाहून ‘बायका गुन्हेगार होऊ लागल्या’ असे म्हणणाऱ्याला त्या संख्येत या सासवा-नणंदाही आहेत हे ठाऊक नसते.

आपण शिक्षिका आहात म्हणून आपल्याच इतिहासातले एक उदाहरण देतो. १८८१ मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी या ब्राह्मण विधवेला नवजात अर्भकाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा सुनावण्यात आली आणि अपिलात ती कमी झाली. त्या निमित्ताने वृत्तपत्रांनी एकूण स्त्रीजातीच्या नीतीवर जे तोंडसुख घेतले त्याने संतापून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिली. विधवेला पुनर्विवाहाची बंदी, घरातल्याच पुरुषाकडून तिची फसवणूक आणि गर्भ राहिल्यावर सगळा दोष तिच्या एकटीच्या माथी, ही साखळी ताराबाईंनी स्पष्ट दाखवली. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी तर त्याआधीच, १८६३ मध्ये, पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढून ही साखळी प्रत्यक्षात तोडायला सुरुवात केली होती. ताराबाईंच्या नंतर अकरा वर्षांनी इटलीत गुन्हेगारी जन्मजात मानणारे लोंब्रोझो आणि त्यांचे सहलेखक फेरेरो गुन्हेगार स्त्रियांच्या कवट्यांची मापे छापत होते, हे आठवले की आपल्याकडच्या या विचाराची उंची कळते. स्त्रीच्या गुन्ह्याकडे समाजशास्त्राच्या नजरेने पाहणारे मराठीतले पहिले महत्त्वाचे लेखन मी ताराबाईंचेच मानतो, आणि ते गुन्हेशास्त्राच्या अभ्यासक्रमात नाही याची मला खंत वाटते.

प्रश्न : माझा पंधरा वर्षांचा मुलगा मित्रांबरोबर दुचाकी चोरताना सापडला. त्याची सतरा वर्षांची बहीण त्याच घरात वाढली, पण तिची आजवर एकही तक्रार आली नाही. मुलांच्या रक्तातच हे असते का? त्याचे पुढे काय होईल? (एक वडील, नाशिक)

उत्तर : आपल्या प्रश्नाच्या सर्वांत जवळ जाणारा अभ्यास न्यूझीलंडच्या ड्युनेडिन शहरातला आहे. तेथे १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या १,०३७ बालकांचा, मुलगे आणि मुली दोघांचाही, संशोधक आजतागायत पाठपुरावा करीत आहेत. टेरी मॉफिट आणि सहकाऱ्यांना त्यांत दोन वेगळ्या वाटा दिसल्या. काही थोड्या मुलांचे त्रासदायक वागणे अगदी लहानपणी सुरू होते. त्यांच्यात कमालीची चंचलता असते, वाचन-बोलण्यात अडचणी असतात, घरात मारझोड आणि बेशिस्त असते, आणि हे वागणे मोठेपणीही सुटत नाही. या गटात एका मुलीमागे दहा मुलगे होते. दुसरा, बराच मोठा गट किशोरवयात मित्रांच्या नादाने बिघडतो आणि यांतील बहुतेक जण वय वाढले की मार्गावर येतात. या गटात मुलगे आणि मुली यांचे प्रमाण अवघे दीडास एक होते. ज्या कारणांनी मुलगा बिघडतो त्याच कारणांनी मुलगीही बिघडते, फक्त मुलग्यांच्या वाट्याला ती कारणे अधिक येतात, हेही या अभ्यासात दिसले. तेव्हा सगळे रक्तावर ढकलता येत नाही. आपला मुलगा पंधराव्या वर्षी, मित्रांबरोबर, पहिल्यांदाच असे वागला असेल, तर तो दुसऱ्या वाटेवरचा असण्याची शक्यता बरीच जास्त आहे. मी त्याला पाहिलेले नाही, त्यामुळे याहून खात्रीने बोलणे योग्य होणार नाही.

बहिणीबद्दल आपणच विचार करून पाहा. दिवेलागणीनंतर ती कुठे आहे, कोणाबरोबर आहे, हे घरात सर्वांना ठाऊक असते. मुलगा रात्री दहापर्यंत कट्ट्यावर बसला तर त्याला कोणी विचारत नाही. कॅनडातील जॉन हेगन यांनी १९८० च्या दशकात नेमकी हीच गोष्ट मांडली होती की, ज्या घरांत मुलींवर देखरेख कडक आणि मुलग्यांना मोकळीक असते, तेथे दोघांच्या गैरवर्तनातील अंतरही मोठे असते. मुलीला कोंडून ठेवण्याचे समर्थन मला यातून करायचे नाही. मुलाची चौकशी मुलीइतक्याच आस्थेने व्हावी, एवढेच मला म्हणायचे आहे.

आकड्यांतील अंतराचा काही भाग कायद्यानेही तयार होतो. सतरा वर्षांचा मुलगा आणि सोळा वर्षांची मुलगी राजीखुशीने घर सोडून गेले आणि मुलीच्या वडिलांनी तक्रार दिली, तर मुलगा बालकांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या २०१२ च्या कायद्याखाली (पॉक्सो) बाल न्याय मंडळापुढे उभा राहतो आणि मुलगी बालकल्याण समितीपुढे. घटना एकच असते, पण नोंदीत एक गुन्हेगार होतो आणि एक बळी.

आता प्रत्यक्ष पुढे काय ते सांगतो. साध्या चोरीला कमाल तीन वर्षांची शिक्षा असल्याने २०१५ च्या बाल न्याय अधिनियमानुसार तो किरकोळ गुन्हा ठरतो. मुलाला पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. बाल न्याय मंडळात एक दंडाधिकारी आणि दोन समाजकार्यकर्ते असतात आणि त्या दोघांत निदान एक स्त्री असतेच. किरकोळ गुन्ह्याची चौकशी चार महिन्यांत संपवावी लागते, फार तर आणखी दोन महिने मिळतात, आणि तरीही ती संपली नाही तर प्रकरण बंद होते. परिविक्षा अधिकारी (मुलाच्या घरची परिस्थिती पाहून मंडळाला कळवणारा अधिकारी) घरी येऊन सामाजिक तपासणी अहवाल तयार करतील. त्यांच्यापासून काही लपवू नका, कारण मंडळ आपल्या मुलाला बहुतांशी त्या अहवालातूनच ओळखणार आहे.

त्याला मारू नका आणि गावभर बदनामीही होऊ देऊ नका. दक्षिण लंडनमधील ४११ मुलग्यांचा १९६१ पासून चाललेला अभ्यास प्रसिद्ध आहे. (मुली त्यात घेतल्याच नव्हत्या, आणि त्या काळच्या बहुतेक मोठ्या अभ्यासांची हीच उणीव आहे.) डेव्हिड फॅरिंग्टन यांना त्यात आढळले की, ज्या मुलांवर न्यायालयाचा शिक्का बसला त्यांचे गुन्हे, तशाच वागणुकीच्या पण शिक्का न बसलेल्या मुलांपेक्षा, पुढे वाढले. घरातील कठोर आणि लहरी शिक्षा हेही त्याच अभ्यासात गुन्ह्याकडे नेणाऱ्या कारणांपैकी एक ठरले.

प्रश्न : कौटुंबिक हिंसेची सर्वेक्षणे फक्त बायकांनाच विचारतात. नवरेही मार खातात आणि ४९८-अ चा गैरवापरही होतो. हे एकतर्फी नाही का? (एक शासकीय कर्मचारी, नागपूर)

उत्तर : आपल्या आक्षेपाचा एक भाग बरोबर आहे आणि तो मी आधी मान्य करतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पुरुषांच्याही मुलाखती होतात आणि बायकोला मारणे योग्य वाटते का, असे त्यांना विचारले जाते. बायकोने तुम्हाला मारले आहे का, असे मात्र विचारले जात नाही. ते विचारायला हवे. ज्या माणसाला घरात मार बसतो त्याचे दुःख तो पुरुष आहे म्हणून कमी होत नाही.

मात्र पत्नीकडून झालेल्या मारहाणीची नोंदच होत नाही, हे खरे नाही. नवरा मारत नसताना तुम्ही होऊन त्याच्यावर हात उचलला आहे का, असा प्रश्न त्याच सर्वेक्षणात स्त्रियांना विचारतात. २०१९-२१ च्या फेरीत सुमारे चार टक्के विवाहित स्त्रियांनी होय म्हटले. त्याच फेरीत पतीकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रिया २९ टक्के होत्या.

हा वाद अमेरिकेत १९७० च्या दशकापासून चालू आहे. समाजशास्त्रज्ञ मरे स्ट्रॉस यांच्या तिथल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात जोडीदाराला मारल्याचे सांगणाऱ्या स्त्रिया आणि पुरुष जवळपास सारखेच निघाले, तेव्हा मोठी खळबळ उडाली. डोबाश दांपत्य आणि इतर संशोधकांनी त्यावर विचारले की, थप्पड मोजली, पण ती कोणी आधी मारली, कोणाला टाके पडले, कोण कोणाला घाबरते, हे कुठे मोजले? पुढे मायकेल जॉन्सन यांनी १९९५ मध्ये दोन प्रकार वेगळे केले. एकात भांडण हाताबाहेर जाऊन दोघांपैकी कोणीही हात उगारते. दुसऱ्यात एक जण दुसऱ्याचे पैसे, फोन, माहेर, येणेजाणे सगळे ताब्यात ठेवतो आणि मार हे त्या ताब्याचे साधन असते. पहिला प्रकार घरोघरच्या सर्वेक्षणात दिसतो, दुसरा रुग्णालयात आणि आश्रयगृहात, आणि या दुसऱ्यात करणारे बहुतांशी पुरुष असतात. पहिल्या उत्तरात उल्लेखिलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अभ्यासात जोडीदाराच्या हातून मारल्या गेलेल्यांत स्त्रिया ८२ टक्के होत्या. स्त्री-पुरुष फरक असा टोकाला सर्वांत स्पष्ट दिसतो.

४९८-अ, म्हणजे आताच्या भारतीय न्याय संहितेचे कलम ८५, याखाली सरसकट सगळ्या सासरच्यांना गोवण्यावर सर्वोच्च न्यायालयाने अर्नेश कुमार निकालात बोट ठेवले आणि अटकेला आळा घातला. तो आळा आवश्यक होता. परंतु शिक्षेचे प्रमाण कमी आहे म्हणून तक्रारी खोट्या, हा निष्कर्ष टिकत नाही, कारण खटला उभा राहीपर्यंत कित्येकदा तडजोड झालेली असते आणि साक्षीदार फिरलेले असतात. शिवाय राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी जेमतेम चौदा टक्के कोणाकडे तरी मदत मागतात, आणि त्यांतही माहेर आधी येते, पोलीस खूप नंतर. ज्यांनी उंबरठा ओलांडलाच नाही त्यांच्या कहाण्या पोलीस ठाण्याच्या दप्तरात सापडणार नाहीत.

प्रश्न : समाजकार्याच्या अभ्यासासाठी मी गावात स्त्रियांना कौटुंबिक हिंसेची प्रश्नावली दिली. बहुतेकींनी ‘हिंसा होत नाही’ असे लिहिले. माझे काय चुकले असेल? (एक विद्यार्थिनी, लातूर)

उत्तर : ‘तुमच्यावर हिंसा होते का’ असे विचारले की उत्तर ‘नाही’ येते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात कृती एकेक करून विचारतात : ढकलले का, थप्पड मारली का, हात पिरगाळला किंवा केस ओढले का, लाथ मारली का, गळा दाबला किंवा भाजले का. ज्या स्त्रीने हिंसेला नकार दिला तीच ‘केस ओढले का’ या प्रश्नावर थांबते आणि बोलू लागते. लेखी प्रश्नावली घरात ठेवून येऊ नका, कारण ती कोणाच्याही हाती लागू शकते. एका घरातील एकाच स्त्रीला विचारा, म्हणजे काय विचारले गेले हे घरात दुसऱ्या कोणाला कळत नाही. पूर्ण एकांत नसेल तर हा भाग सोडून द्या, आणि मध्येच सासू किंवा दीर आला तर मुलांच्या लसीकरणासारख्या साध्या प्रश्नाकडे वळण्याची तयारी आधीच ठेवा.

मुलाखतीला जाण्यापूर्वी मदतीची सोय तयार हवी. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या पुढाकाराने १९८४ मध्ये मुंबई पोलिसांत सुरू झालेले महिला व बालकांसाठीचे विशेष कक्ष आता राज्यभर आहेत. आपल्या जिल्ह्यातील कक्षात स्वतः जाऊन तेथील समाजकार्यकर्तीला भेटा, कौटुंबिक हिंसाविरोधी कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्यांची माहिती घ्या. १८१ हा महिला मदतवाहिनीचा क्रमांक स्त्रियांना तोंडी सांगा आणि पाठ करून घ्या. चिठ्ठीवर लिहून देऊ नका.