"ताई, साठ दिवस संपले की आम्ही बेकायदेशीर होतो का?"

मी न्यू जर्सीत राहते, समुपदेशन करते, आणि इथल्या मराठी घरांमधून सारखा येणारा प्रश्न म्हणजे, नवऱ्याची नोकरी गेली, एच-वन-बी म्हणजे नोकरीवरचा व्हिसा आहे, नोकरी गेल्यावर इथे थांबायला जास्तीत जास्त साठ दिवस मिळतात, आता वकील कुठून शोधायचा आणि तोवर आम्ही इथे कायदेशीर आहोत की नाही. मी वकील नाही हे पहिल्याच फोनवर सांगते. पण एका घरात काय झालं ते त्यांना विचारून, नावगाव बदलून लिहितेय, कारण तीच चूक अजून दोन-तीन घरांत बघितलीय.

मृणालने फोन केला तो बेसमेंटमधून, मागे ड्रायर चालू होता म्हणून तिचा आवाज नीट ऐकू येईना, आणि ड्रायर मुद्दाम लावलाय हे मला नंतर कळलं, वर नवऱ्याला बोलणं ऐकू जायला नको म्हणून. तो रात्रभर जागा असतो म्हणाली, सकाळी नऊला इस्त्रीचा शर्ट घालून लॅपटॉपसमोर बसतो, आणि सांगलीला आईचा व्हिडिओ कॉल आला की ऑफिस कसं चाललंय ते हसून सांगतो. मुलगी पहिलीत, जन्म इथलाच. मृणाल स्वतः एच-फोरवर, जोडीदाराच्या व्हिसावर, म्हणजे हिचं इथलं राहणं पूर्णपणे त्याच्या स्टेटसवर.

मी विचारलं, नोकरीचा शेवटचा दिवस कुठला? ती म्हणाली, थांबा, फ्रिजशेजारच्या कालनिर्णयवर लाल पेनाने गोल केलेत, बघून सांगते. आणि तिथेच घोळ सापडला. कंपनीने दोन महिन्यांचा सेव्हरन्स, म्हणजे नोकरी गेल्यावरचे पैसे, दिला होता आणि यांनी साठ दिवस सेव्हरन्स संपल्यावर मोजायला सुरुवात करायची ठरवली होती. पण ते साठ दिवस नोकरी संपल्यापासूनच धरतात, साधारणपणे शेवटचा पगार ज्या दिवसापर्यंतचा असतो तो दिवस, सेव्हरन्सच्या पैशाने मुदत वाढत नाही. शिवाय आय-९४ची, म्हणजे इथे कधीपर्यंत राहता येईल त्या सरकारी नोंदीची, तारीख त्याआधी संपत असेल तर तीच खरी मुदत. हे यूएससीआयएसच्या, म्हणजे इथल्या इमिग्रेशन खात्याच्या, साइटवर लिहिलंय. म्हणजे यांच्या हिशोबात मोजणी सुरूच झाली नव्हती आणि प्रत्यक्षात तो एकोणिसावा दिवस होता. ती काही बोलेना, नुसता ड्रायर ऐकू येत होता. मलाच इतकं वाईट वाटलं, पण ते त्या दिवशी सांगणं भाग होतं, गोड बोलून अजून आठ दिवस घालवले असते तर मी तिचं नुकसानच केलं असतं.

मग तिने दुसरी गोष्ट काढली. ओळखीतले एक गृहस्थ, स्वतःला व्हिसा कन्सल्टंट म्हणवतात, दोन हजार डॉलर कॅश मागत होते, एका कंपनीच्या नावाने पगाराच्या स्लिपा बनवून देतो, गॅप दिसणारच नाही म्हणे. मी एरवी कुणाला अमुक करा, तमुक करू नका असं सांगत नाही पण इथे स्पष्ट सांगितलं की हे अजिबात करायचं नाही. खोटा कागद लावून इमिग्रेशनचा फायदा घ्यायला गेलं तर अमेरिकेत कायमची बंदी येऊ शकते. नोकरी परत मिळते गं, हा डाग पुसणं फार अवघड.

वकील शोधायचं काम आम्ही तिघांनी एकाच संध्याकाळी केलं, मी व्हिडिओ कॉलवर, ते दोघं डायनिंग टेबलवर. त्याचं म्हणणं होतं की कंपनीचे वकील होतेच की, त्यांनाच विचारू. पण ते कंपनीचे, फी कंपनीची, आता कंपनीचं आणि आपलं हित एक राहिलं नाही, आपला स्वतंत्र माणूस पाहिजे. इमिग्रेशनचा कायदा फेडरल आहे त्यामुळे वकील न्यू जर्सीतलाच हवा असं नाही, टेक्सासचाही चालतो, मात्र कुठल्यातरी राज्याचं चालू लायसन्स पाहिजे आणि ते त्या राज्याच्या अधिकृत यादीत नाव टाकून बघता येतं. आयला म्हणून इमिग्रेशन वकिलांची संघटना आहे, तिच्या डिरेक्टरीतून त्यांनी तीन नावं काढली. ज्यांना फी झेपत नाही त्यांच्यासाठी न्याय खात्याने मान्यता दिलेल्या संस्थांमध्ये कमी पैशात काम करणारे प्रतिनिधी असतात, हे फार लोकांना माहीतच नसतं.

तिन्ही वकिलांना तेच प्रश्न विचारायचे ठरवलं, अशा किती केसेस केल्यात, फाइल तुम्ही बघणार की पॅरालीगल, म्हणजे तुमचा मदतनीस, फी एकरकमी की तासावर, आणि करार लेखी देणार का. एकजण म्हणाला शंभर टक्के काम करून देतो. मी मृणालला म्हटलं, याला सोड, निकाल सरकारच्या हातात असताना जो गॅरंटी देतो त्याच्या हातात घर द्यायचं नाही.

दुसऱ्या दिवशीच्या तासाभराच्या कन्सल्टेशनसाठी मी त्यांना कागद काढून ठेवायला लावले, दोघांचे पासपोर्ट, साइटवरून काढलेले आय-९४, आय-७९७ म्हणजे व्हिसाच्या मंजुरीची नोटीस, शेवटच्या पे-स्टब, नोकरी संपल्याचं पत्र. सगळ्यात वर मृणालच्या अक्षरात एक पान, त्यात फक्त प्रश्न. पहिला तिचा स्वतःचा, मी आणि मुलगी काय करायचं. नवरा तिच्याकडे बघतच राहिला, एवढ्या दिवसांत हे तिने त्याला विचारलंच नव्हतं.

वकीलबाईंनी एकेक गाठ सोडवली. पासपोर्टवरचा व्हिसा स्टॅम्प संपलाय म्हणून तो रात्री जागत होता, पण तो स्टॅम्प फक्त देशात शिरण्यासाठी लागतो, आत किती दिवस राहायचं ते आय-९४ ठरवतं. साठ दिवसांच्या आत नव्या कंपनीने त्याच्यासाठी पिटिशन, म्हणजे एच-वन-बीचा अर्ज, दाखल केली तर तिथे काम सुरू करता येतं. तसं जमत नसेल तर मुदतीच्या आत बी-टूसाठी, म्हणजे पाहुणा म्हणून राहण्यासाठी, आय-५३९ हा फॉर्म भरायचा, निर्णय येईपर्यंत थांबता येतं पण काम करता येत नाही. मुलगी जन्माने नागरिक, तिचा प्रश्नच नाही. आणि त्याचा आय-१४०, म्हणजे ग्रीन कार्डसाठी जुन्या कंपनीने केलेला अर्ज, मंजूर होऊन १८० दिवस उलटून गेले होते, म्हणजे जुन्या कंपनीने नंतर मागे घेतला तरी ग्रीन कार्डच्या रांगेतली त्याची प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेतली जागा ठरवणारी तारीख, राहते. हे ऐकल्यावर तो टेबलावर डोकं टेकून रडला, भारतीयांची ती रांग किती वर्षांची असते हे इथल्या कुणाला सांगायला नको.

त्यानंतर आमचे चार सेशन झाले आणि त्यात व्हिसावर फार कमी बोललो. आईला त्याने तिसऱ्या सेशननंतर सांगितलं. कालनिर्णयवरचे जुने गोल खोडून मृणालने नव्याने आकडे घातले, १९ पासून ६० पर्यंत, तसं केल्यावर भीती कमी झाली म्हणाली, निदान खरी तारीख समोर आहे.

सत्तेचाळिसाव्या दिवशी नव्या कंपनीने पिटिशन दाखल केली आणि दोन दिवसांनी रिसीट नंबर आला. त्याच रात्री साडेआठला तिचा मेसेज, ताई, तो जेवता जेवताच डुलक्या घेत होता, सोफ्यावर झोपलाय, शर्ट पण बदलला नाही, उठवत नाही.