‘माझ्यामुळेच’ मधला ‘च’

“मॅडम, माझ्यामुळेच झालं हो हे सगळं.”

नवऱ्याबद्दल, मुलांबद्दल, म्हाताऱ्या आईवडिलांबद्दल हे वाक्य दादरच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत मी कायम ऐकत आले. गेल्या काही वर्षांत ते कुत्र्यांबद्दल ऐकू येऊ लागलं आहे. डॅशहाउंडचे मागचे पाय एका रात्रीत लुळे पडले, तर “मीच त्याला सोफ्यावर उड्या मारू दिल्या.” शित्झूला गोचिडांमुळे ताप आला, प्लेटलेट्स खाली गेल्या, तर “मीच कान नीट बघितले नाहीत.” पिल्लू पार्व्हो या विषाणूच्या आजाराने गेलं, तर “मीच त्याला लस पूर्ण व्हायच्या आधी खाली फिरवलं.” घर लहान, कुत्रा लहान, पण रात्रीची झोप पुरती उडालेली. आणि यातले बहुतेक जण बोलायच्या आधी म्हणतात, “हसणार नाही ना तुम्ही?”

मी हसत नाही. आज एका बाईंबद्दल लिहिते आहे. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

बाई म्हणजे खरोखरच बाई. महापालिकेच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या, वय पासष्टच्या पुढे, राहायला परळला. नवरा चार वर्षांपूर्वी गेलेला, मुलगी बंगळुरूला. घरात एक पांढराशुभ्र ‘पॉमेरियन’, वय अकरा, नाव कापूस. (आपल्याकडे पॉमेरियन म्हणून जो ओळखला जातो तो बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असतो. मुंबईच्या चाळींत एके काळी तोच जास्त दिसायचा, कारण आपली हवा त्याला मानवते आणि दहा बाय बाराच्या खोलीतही तो सुखाने राहतो.) मुलीने फोन करून वेळ घेतली होती. “आई रात्रभर जागी असते, तिला झोपेची गोळी लागेल का?” एवढंच ती म्हणाली होती.

बाई आल्या, पर्स मांडीवर घेऊन बसल्या. काळ्या ब्लाउजवर पांढरे केस होते. त्यांनी पर्समधून चौकटींची वही काढली आणि गृहपाठ दाखवावा तशी माझ्यापुढे ठेवली.

रात्री ११ ला २६. १२ ला २४. १.३० ला २९. ३ ला ३१, पुढे लाल पेनने उद्गारचिन्ह. ३.१० ला २७. पानंच्या पानं.

कापसाच्या हृदयाची झडप जाड होऊन गळायला लागली होती. लहान जातींच्या उतारवयातल्या कुत्र्यांचा हा अगदी नेहमीचा आजार आहे. पॉमेरियन, डॅशहाउंड, शित्झू, चिवावा कुणालाही होतो, आणि कॅव्हेलियर किंग चार्ल्स जातीला तर फार लवकर. डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या आणि सांगितलं, की तो गाढ झोपला असताना दिवसातून एकदा मिनिटाला किती श्वास घेतो ते मोजा. तीसच्या वर सतत जायला लागला तर लगेच फोन करा. सूचना चोख होती. बाईंनी दिवसातून एकदाचं तासातून एकदा केलं. मोबाइलच्या टॉर्चवर रुमाल टाकायचा, म्हणजे त्याच्या डोळ्यांवर उजेड येणार नाही, आणि बरगड्या वर-खाली होताना मोजायच्या.

वहीच्या शेवटच्या पानावर दुसरी यादी होती. वर शीर्षक: ‘माझ्या चुका’.

१. खोकला सुरू झाला तेव्हा घशात काही अडकलं असेल समजून मध-हळद दिली. १९ दिवस घालवले.
२. दात कधीच घासले नाहीत.
३. लिफ्ट बंद होती त्या आठवड्यात चार मजले चढवलं.
४. दोन वर्षांपूर्वी लशीच्या वेळी डॉक्टर म्हणाले होते, हृदयात थोडा आवाज येतोय, एकदा इको (हृदयाची सोनोग्राफी) करून घ्या. केला नाही.

“परळला राहते मी,” बाई म्हणाल्या. “१८८६ पासून जनावरांच्या डॉक्टरांचं कॉलेज आमच्याकडे आहे. बैलघोड्याच्या हॉस्पिटलवरून रोज शाळेत गेले. आणि मी घरी बसून मध-हळद चाटवत होते!”

अशा वेळी घरचे काय म्हणतात ते मला पाठ आहे. “तुझी काही चूक नाही गं.” प्रेमाने म्हणतात, पण ते समोरच्याच्या गळी उतरत नाही, कारण कुठेतरी चुकलं आहे हे त्याला माहीत असतं. मग तो आणखी एकटा पडतो. मी तसं म्हणाले नाही. बाईंच्या परवानगीने मी कापसाच्या डॉक्टरांशी बोलले आणि पुढच्या भेटीत ती यादी दोघींनी मिळून तपासली, अगदी पेपर तपासावा तशी.

दात न घासल्याने हिरड्या खराब झाल्या होत्या, हे खरं. त्याने झडप खराब झाली असं मात्र डॉक्टर म्हणत नव्हते. ही झीज वयाने आणि आनुवंशिकतेने होते. चार मजल्यांनी त्याला दम लागला असेल, आजार नाही झाला. मध-हळदीच्या १९ दिवसांत तो जास्त खोकला, त्याला त्रास झाला. चौथा मुद्दा खरा होता. या आजाराची सुरुवात आवाजाने होते आणि पुढे काही वर्षं कुत्रा अगदी ठणठणीत दिसतो. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात असं आढळलं, की हृदय मोठं झालेल्या पण अजून धाप न लागलेल्या कुत्र्यांना पिमोबेंडान हे औषध दिलं, तर हृदय निकामी होण्याची वेळ साधारण १५ महिन्यांनी पुढे ढकलता येते. म्हणजे इको करायला हवा होता. तेव्हा हृदय मोठं झालेलं होतं का, हे आता कुणीच सांगू शकत नाही.

“चारपैकी एक बरोबर,” बाई म्हणाल्या. “म्हणजे मी नापास.”

“तुम्हाला मार्क कोण देतंय?”

त्या गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “मला कळायलाच हवं होतं.”

इथे माझ्या विचारसरणीबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास जी उपचारपद्धती मांडली, तिच्याच मुशीत मी घडले. एलिस यांचं म्हणणं थोडक्यात असं, की माणूस इच्छेने खचत नाही, इच्छेचा हट्ट झाला की खचतो. इंग्रजीत हा फरक समजावताना बरीच यातायात करावी लागते. मराठीत तो एका अक्षरात असतो, आणि वीसेक वर्षांच्या कामात या एका अक्षराने मला जेवढी वाट दाखवली तेवढी जाड पुस्तकांनी दाखवली नाही.

मी बाईंना पेन दिलं. म्हटलं, हेच वाक्य ‘च’ गाळून लिहा.

त्यांनी लिहिलं, ‘मला कळायला हवं होतं.’ बराच वेळ बघत राहिल्या.

“अर्थ बदलला,” त्या म्हणाल्या.

“काय बदललं?”

“आधीच्या वाक्यात न कळणं हा गुन्हा आहे. ह्याच्यात...” त्या थांबल्या. “ह्याच्यात नुसतं वाईट वाटतंय.”

“वाईट वाटू दे ना. वाटणारच.”

बाई रडल्या, पहिल्यांदाच. इतके दिवस त्या स्वतःवर रागावलेल्या होत्या, त्या रागात दुःखाला जागा उरली नव्हती. अपराधीपण कितीही बोचलं तरी त्याचा एक छुपा दिलासा असतो, हे मला अशा अनेक जणांकडे पाहून उमगलं. ‘माझ्यामुळेच झालं’ म्हटलं की निदान सूत्रं माझ्या हातात होती असं वाटतं. कुणामुळेच झालं नाही, एक झडप आपली आपण झिजत गेली, हे सोसणं त्याहून अवघड असतं.

तरी गाठ सुटली नव्हती. मला वाटलं, मुळाशी नवरा असणार. त्यांचं दुखणं हृदयाचंच होतं, हे मुलीने फोनवर सांगितलं होतं. मी अलगद त्या दिशेने वळले.

बाईंनी मला तिथेच थांबवलं. “नाही हो. ह्यांचं दुःख मी पुरतं केलंय. हे कापसाचं आहे.” आणि मग जे बोलल्या ते मी त्याच संध्याकाळी लिहून ठेवलं: “ह्यांना बोलता येत होतं. छातीत दुखतंय म्हणून सांगितलं, आम्ही नेलं, डॉक्टरांनी शर्थ केली, गेले. ह्याला बोलता येत नाही. मुका जीव. त्याच्या वाटचं मला कळायलाच हवं ना?”

कुत्र्याच्या दुःखाखाली माणसाचं दुःख शोधायची आम्हा समुपदेशकांना घाई असते. बाईंकडून मी शिकले, की कुत्र्याचं दुःख कुत्र्याचंच असू शकतं, आणि त्याची किल्ली तिथेच सापडते. किल्ली होती ‘मुका जीव’ या दोन शब्दांत. तो बोलू शकत नाही, म्हणून मला सर्वज्ञ असायलाच हवं, असा तो हिशोब होता.

“कापूस बोलत नाही?” मी विचारलं. “भूक लागली की काय करतो?”

“ताटली ढकलतो. नाकाने. स्वयंपाकघराच्या दारापर्यंत.”

“फिरायला जायचं असलं की?”

“चप्पल आणतो. एकच. डावी.” बाईंच्या चेहऱ्यावर हसू आलं. मग त्या सांगतच सुटल्या. पोट बिघडलं की देवघराखाली जाऊन बसतो. फटाक्यांना घाबरला की हनुवटी पायावर ठेवतो. लिफ्टमधल्या एका काकांवरच भुंकतो, बाकी कुणावर नाही.

“बाई, कापूस तर दिवसभर बोलतोय, आणि तुम्हाला त्याचं सगळं कळतंय. त्याच्या हृदयातली झडप बोलली नाही. झडप माणसाचीही बोलत नाही.”

बाईंनी वही मिटली. काही न बोलता बराच वेळ तिच्या पुठ्ठ्यावर बोट फिरवत बसल्या. त्या भेटीत मग दुसरं काही झालं नाही, आणि व्हायची गरजही नव्हती. पुढच्या आठवड्यात त्या आल्या तेव्हा पानावर दिवसाला एकच आकडा होता. मंगळवारच्या चौकटीत आकडाही नव्हता. तिथे लिहिलं होतं, ‘झोप लागली.’

अपराधीपण सैल झाल्यावर काळजी जास्त नीट घेतली जाते, हे मला पोटतिडकीने सांगायचं आहे. आधी बाई डॉक्टरांकडे जायलाच घाबरत, आणखी एखादी चूक निघेल म्हणून. भरपाई म्हणून त्याला चिकन, चीज, खारी भरवत. वजन वाढत होतं, मीठ पोटात जात होतं, दोन्ही हृदयाला वाईट. पिमोबेंडान उपाशीपोटी, जेवणाच्या तासभर आधी द्यायचं असतं. ते रात्रीच्या जागरणामुळे पुढेमागे होई. हे सगळं महिन्याभरात मार्गी लागलं.

ज्यांच्या घरी लहान जातीचा कुत्रा आहे त्यांनी ‘मला कळायला हवं’ या इच्छेचं सोनं करावं. सात-आठ वर्षांनंतर दरवर्षी लशीबरोबर हृदय नीट तपासून घ्या, आवाज सांगितला तर इको करा. पॉमेरियन भसाडा, बदकासारखा खोकत असेल तर श्वासनलिका चपटी होत असू शकते. गळपट्टा काढून हार्नेस घाला आणि डॉक्टरांकडे जा. डॅशहाउंडच्या मणक्यांच्या चकत्या त्याच्या जातीमुळेच लवकर कडक होतात. सोफ्याला उतार लावा, वजन आटोक्यात ठेवा, आणि तरीही झालं तर तो सोफा तुमच्या डोक्यावर घेऊ नका. गोचिडी बोटांच्या बेचक्यांत आणि कानांत दडतात, मुंबईच्या दमट हवेत बारा महिने सापडतात. पिल्लाच्या लशी सोळा आठवड्यांपर्यंत पूर्ण होतात, तोवर रस्त्यावर उतरवू नका. आणि पग घ्यायचा विचार असेल तर मी स्पष्टच सांगते, चपट्या नाकाच्या कुत्र्याला आपल्या मे महिन्यात श्वास घेणंच कष्टाचं असतं. हच या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीतला पगचा तो गोड चेहरा पाहून अनेकांनी तो घरी आणला, आणि त्यांतले काही पुढे याच खुर्चीत येऊन बसले.

नातेवाइकांनाही एक विनंती. “कुत्राच तर आहे,” “दुसरा आण की,” हे तेवढं बोलू नका. बाईंच्या जावेने ते तीनदा म्हटलं होतं. तुमच्या ‘कुत्राच’ मधला ‘च’ ऐकला की त्या माणसाचं रडणं आत जातं, आणि आत जाऊन त्याचा ‘माझ्यामुळेच’ होतो.

कापूस त्यानंतर चौदा महिने होता. श्रावणात एका सकाळी बाईंचा फोन आला.

“गेला. पावणेसहाला. मांडीवर होता.”

मी काही बोलले नाही.

“दोन दिवस आधीच कळलं होतं मला,” त्या म्हणाल्या. “ताटली ढकलली नाही त्याने. लगेच नेलं, ऑक्सिजन लावला, डॉक्टरांनी सगळं केलं. ह्या वेळी वेळेवर कळलं होतं हो.” मग थोडं थांबून, “काल रात्री मोजलं नाही. नुसता हात ठेवला होता.”