पहिल्या उलटतपासाआधी

चि. वकीलबाई,
अनेक आशीर्वाद.

सोमवारच्या उलटतपासासाठी तू लिहून पाठवलेले चाळीस प्रश्न वाचले. त्यातले पंधरा ठेव. कुठले ते तुझं तूच ठरव. प्रत्येक प्रश्नाखाली त्याचं उत्तर टाइप होऊन कसं दिसेल ते पेन्सिलीने लिहून बघ, निम्मे आपोआप गळतील.

आपल्याकडे साक्ष सहसा निवेदनासारखी नोंदवतात. साक्षीदार बोलतो, न्यायाधीश सांगतात, स्टेनो टाइप करतो, आणि तुझा प्रश्न साक्षीदाराच्याच तोंडचं वाक्य होऊन बसतो. तुझा तेरावा प्रश्न घे. ‘तू दारू प्यायला होतास आणि अंधारात तुला काही दिसलं नाही, बरोबर?’ तो ‘नाही’ म्हणेल. कागदावर येईल, ‘हे म्हणणे खरे नाही की, मी दारू प्यालो होतो व अंधारामुळे मला काही दिसले नाही.’ आता त्याने नाकारलं काय, दारू की अंधार? अपिलात तुलाही सांगता येणार नाही. एका प्रश्नात एकच गोष्ट विचार. ‘तू तिथे नव्हतासच ना?’ असले नकारार्थी प्रश्न तर नकोच. ‘हे म्हणणे खरे नाही की, मी तेथे हजर नव्हतो’ हे वाचताना भलेभले अडखळतात.

यात मी स्वतः तोंडावर आपटलोय. मारहाणीचा खटला होता. साक्षीदाराला विचारलं, काठी कुठल्या हातात होती? तो गप्प. त्याने टोपी काढली, परत घातली, आरोपीकडे बघितलं, मग छताकडे. पंख्याची करकर तेवढी ऐकू येत होती. मी खटला जिंकल्यासारखा खाली बसलो. अपिलात कागद उघडले, तर त्या सगळ्या नाटकाची एक ओळ, ‘काठी कोणत्या हातात होती हे मला आठवत नाही.’ दोन वर्षांनी कुणाला आठवतं? त्याच क्षणी उठून, प्रश्न आणि उत्तर जसंच्या तसं घ्यावं, साक्षीदार बराच वेळ गप्प राहिला हेही नोंदवावं, अशी विनंती करायला हवी होती. न्यायाधीशांना तो अधिकार आहे. नाही म्हणाले तर म्हणू देत, मागायला लाजू नकोस.

आता कोयत्याचं. सरतपासात, म्हणजे सरकारी वकील आधी प्रश्न विचारतील तेव्हा, साक्षीदार आरोपीच्या हातात कोयता होता म्हणेल. पोलिसांपुढच्या जबाबात कोयत्याचा उल्लेख नाही. आधी विचार, ‘हे पोलिसांना सांगितलं होतंस?’ तो हो म्हणेल. मग जबाब दाखव. त्यानंतरचं वाक्य इतक्यांदा ऐकशील की पाठ होईल, ‘मी पोलिसांना तसे सांगितले होते. माझ्या जबाबात तसे का लिहिले नाही याचे कारण मला सांगता येणार नाही.’ इथे थांब. ‘म्हणजे तू खोटं बोलतोयस’ असं म्हणालीस, की खुलासा करायची संधी तूच त्याला दिलीस. आणि काम अजून अर्धंच झालंय. तपास अधिकारी पिंजऱ्यात येईल तेव्हा ‘साक्षीदाराने मला तसे सांगितले नव्हते’ हे त्याच्याकडून वदवून घ्यायचं. तो यायला कधी कधी वर्ष जातं आणि ज्युनियर विसरतात. डायरीत आजच लिहून ठेव. शर्टाच्या रंगासारख्या किरकोळ गाळलेल्या गोष्टींमागे लागू नकोस. जबाबात राहिलेली प्रत्येक गोष्ट विसंगती होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1959 मध्ये तहसीलदार सिंग खटल्यात सांगून ठेवलंय.

तुझा खटला 2022 पासून चालू आहे, त्यामुळे त्याला 1872 चाच पुरावा कायदा. जबाब दाखवताना कलम 145 म्हण. 1 जुलै 2024 पासून सुरू झालेल्या खटल्यांत त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम 148.

सूचक प्रश्नांवर, म्हणजे उत्तर सुचवणाऱ्या प्रश्नांवर, तू दोन पानं लिहिलीस, तेवढी गरज नाही. उलटतपासात ते चालतात. सरकारी वकिलांनी सरतपासात वादाच्या मुद्द्यावर उत्तर साक्षीदाराच्या तोंडात घातलं, तर मात्र लगेच हरकत घे. उत्तर टाइप झाल्यावर घेतलेली हरकत म्हणजे वरातीमागून घोडं.

बांधाच्या भांडणामुळे खोटी साक्ष देतोस, ही आपली बाजू शेवटी त्याच्यापुढे ठेवच. तो नाकारेल, नाकारू दे. ठेवलीच नाहीस, तर युक्तिवादाच्या वेळी ‘साक्षीदाराला हे विचारलंच नव्हतं’ म्हणून ऐकून घ्यावं लागेल.

साक्ष वाचून दाखवतात तेव्हा चहाला जाऊ नकोस, स्टेनोच्या स्क्रीनजवळ उभी राहा. टाइप करताना एखादा ‘नाही’ गळतो. जबाबाच्या दोन प्रती आण, एक साक्षीदारासमोर धरायला. माझी प्रत तुझ्याकडेच राहिलीय.

तुझा,
सर