गाडीची साधी देखभाल घरी केली तर खरंच पैसे वाचतात का, की गॅरेजला देणंच परवडतं?

वाचतात. पण तुम्ही समजताय तिथे नाही.

ऑइल घरी बदलून फारसं काही हाती लागत नाही. गॅरेजवाला ऑइल पिंपाने घेतो, आपण डबा घेतो. वर गाडीखाली शिरा, काळं तेल झेला आणि मग ते गटारात न ओतता कुठे नेऊन द्यायचं ते शोधत बसा. एअर फिल्टर, एसीचा फिल्टर, वायपरची रबरं, बल्ब ही कामं मात्र बाहेर देऊच नयेत. दोन क्लिपा काढायच्या, जुना फिल्टर उचलायचा, नवा ठेवायचा. एवढ्यासाठी लेबर मोजणारा माणूस मला कळत नाही. म्हणजे कळतो, आमच्याच घरात आहे.

आमचे थोरले दीर. ज्याचं काम त्यानं करावं, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. बॉनेटचा खटका कुठे असतो हे त्यांना ठाऊक नाही आणि त्याचं त्यांना कौतुकही आहे. मी हवा तपासायला वाकले तरी, "तुझ्या वेळेला काही किंमत आहे की नाही?"

एके सकाळी माझी गाडी सुरू होईना. सेल्फ मारला की नुसतं टक्, आणि डॅशबोर्डवरचे दिवे विझल्यासारखे. भाऊजी नेमके घरी होते. त्यांनी लगेच आपल्या ओळखीच्या मेकॅनिकला बोलावून घेतलं. त्याने एकदा सेल्फ मारून पाहिला आणि निकाल देऊन टाकला: बॅटरी गेली, आल्टरनेटर (इंजिन चालू असताना बॅटरी भरणारा भाग) चार्ज करत नाही म्हणून गेली, दोन्ही नवीन टाकावं लागेल. व्होल्ट मोजायचा मीटर काढला नाही, बॅटरीला वायर जोडतात त्या टर्मिनलला बोटसुद्धा लावलं नाही. भाऊजी म्हणाले, "टाकून टाक."

गाडी माझी होती. मी म्हटलं, थांबा जरा.

मल्टिमीटर आणला. बॅटरीच्या दोन्ही खुंट्यांवर लावला तर 12.5 व्होल्ट. 12.6 च्या आसपास म्हणजे बॅटरी जवळजवळ भरलेली असते. मग मुलाला सेल्फ मारायला सांगितला. बॅटरी खरंच मेलेली असती तर आकडा धाडकन खाली यायला हवा होता, तो जेमतेम हलला. म्हणजे बॅटरीतून करंट ओढलाच जात नव्हता, मधेच कुठेतरी अडत होता. कुठे, ते शोधायची युक्ती सोपी आहे. मीटरची एक पिन शिशाच्या खुंटीवर टेकवायची, दुसरी त्याच खुंटीवर बसलेल्या वायरीच्या क्लॅम्पवर, आणि सेल्फ मारायचा. दोन्ही एकमेकांना चिकटलेले असतात, त्यामुळे आकडा शून्याजवळच राहायला हवा. माझ्या निगेटिव्ह टर्मिनलवर तो कित्येक व्होल्ट आला.

क्लॅम्प काढला तर आतल्या बाजूला पांढरट-हिरवट भुकटीचा थर, आणि खुंटी काळी पडलेली. कोमट पाण्यात खायचा सोडा कालवून ओतला, तो फसफसला, मग तारेच्या ब्रशने शिसं चकाकेपर्यंत घासलं. कोरडं करून क्लॅम्प आवळला, वरून व्हॅसलीन लावलं. पहिल्याच सेल्फला इंजिन सुरू. चालू इंजिनवर बॅटरीला मीटर लावला तर 14.2 व्होल्ट, म्हणजे मेलेला म्हणवला जाणारा आल्टरनेटर व्यवस्थित चार्ज करत होता.

मेकॅनिक म्हणाला, आज चालेल, उद्या बंद पडेल. भाऊजींनी मान डोलावली. तो आल्टरनेटर आजही त्याच गाडीत आहे. बॅटरी पुढे रीतसर म्हातारी होऊन गेली.

तेव्हा प्रश्न लेबर किती वाचलं हा नाहीच. न बिघडलेले दोन महागडे भाग मी विकत घेतले नाहीत, बचत ती आहे, आणि ती कुठल्याही सर्व्हिसिंगच्या बिलात दिसत नाही. वेळेचं म्हणाल तर गाडी नेऊन सोडायची, परत यायला रिक्षा शोधायची, संध्याकाळी फोनवर फोन करायचे, "अजून अर्धा तास ताई" ऐकत बाकावर बसायचं, हा वेळ भाऊजींच्या हिशोबात कधीच नसतो. आणि सगळेच मेकॅनिक लबाड असतात असं मी म्हणत नाही. चांगला मेकॅनिक आधी मोजतो, मग बोलतो. तो चांगला आहे की नाही हे कळायला मात्र आपल्याला थोडं मोजता यावं लागतं.

सुरुवात करायची असेल तर मीटर, हवेचा गेज आणि पान्यांचा बरा संच एवढं पुरे. हवा थंड टायरमध्ये तपासा. किती हवी ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर बहुतेक गाड्यांत लिहिलेलं असतं. टर्मिनल सोडवताना आधी निगेटिव्ह, जोडताना ते शेवटी. उलट केलंत आणि पॉझिटिव्ह सोडवताना पाना बॉडीला लागला तर ठिणग्या उडतील. हट्टाने ऑइल बदलणारच असाल तर नवा ऑइल फिल्टर हातानेच आवळा, आणि जुन्याची रबरी रिंग इंजिनला चिकटून राहिली नाही ना ते बोट फिरवून बघा. दोन रिंगा एकावर एक बसल्या तर इंजिन सुरू होताच सगळं ऑइल खाली.

आता ज्याला मीही हात लावत नाही ते: टायमिंग बेल्ट, एअरबॅग, एसीचा गॅस. ब्रेकसुद्धा, जोवर शेजारी बसून कोणी जाणत्याने शिकवलं नाही तोवर. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जायचं नाही, खाली स्टँड हवेतच. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीतल्या केशरी वायरींपासून लांब राहायचं. गाडी वॉरंटीत असेल तर आधी वॉरंटीचं पुस्तक वाचा, आणि घरी जे बदलाल त्याची पावती, तारीख, किलोमीटर लिहून ठेवा.